आईनं हरलेली निवडणूक

आमच्या घरात आईचा कॉफीचा पेला कधी पूर्ण रिकामा झालेला मला आठवत नाही. अर्धी कॉफी खिडकीच्या कट्ट्यावर, कधी रगड्याच्या कडेला, कधी देवासमोर, आणि एकदा तर बाबांच्या ऑफिसच्या बुटांशेजारी. पेला घेऊन ती स्वयंपाकघरातून निघायची, दाराशी कोणीतरी हाक मारायचं, मग पेला हात पोचेल तिथं टेकवून ती बाहेर जायची आणि परत येईस्तोवर कॉफीवर साय धरलेली असायची. तिरुवल्लिकेणीत देवळाच्या तळ्यामागच्या एका अरुंद गल्लीत तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. खिडकी इतकी खाली की रस्त्यानं जाणारा माणूस चालता चालता आमच्या ताटात काय वाढलंय ते बघू शकत असे. समोर एक मॅन्शन होतं, म्हणजे गावाकडून नोकरीसाठी आलेल्या सड्या माणसांची वस्ती. एकेका खोलीत तिघे-चौघे, कठड्यावर वाळत घातलेल्या लुंग्या आणि दिवसभर कुठला ना कुठला ट्रान्झिस्टर चालू. देवळातलं नादस्वर, ट्रान्झिस्टरवरच्या बातम्या, हापशाची करकर आणि आईचं बोलणं, हे सगळं त्या खिडकीतून एकदमच आत-बाहेर होत असे. शांतता म्हणजे काय हे मला लग्नानंतर शहराबाहेर तांबरमला राहायला आले तेव्हा कळलं, आणि पहिले काही महिने तिची मला भीतीच वाटली.

आई मुलींच्या एका खाजगी शाळेत तमिळ शिकवायची. हे ऐकून महाराष्ट्रातले लोक चकित होतात, पण आमच्यात त्याचं कोणाला काही वाटत नसे. आमचे पूर्वज तंजावरला येऊन इतक्या पिढ्या लोटल्या होत्या की महाराष्ट्र आम्ही नकाशातच पाहिलेला. घरात मात्र मराठीच. आमची मराठी जुन्या वळणाची. ‘कोठें’, ‘एथें’, ‘गे’ असे शब्द तिच्यात अजून जिवंत होते, आणि तमिळ शब्द तर तांदळात डाळ मिसळावी तसे मिसळलेले. (हे प्रकरण मी लिहितेय ते आजच्या मराठीत, आमच्या इमारतीत पुण्याहून आलेल्या एक बाई राहतात, त्या माझी पानं तपासून देतात. त्यांनी बदललेलं सगळंच मी मान्य केलेलं नाही.) आई कविता करायची ती तमिळमध्ये. पण ती करताना स्वतःशी भांडायची ते मराठीत. हातानं भाजी चिरायची, तोंडानं एक तमिळ ओळ म्हणायची, मग लगेच, “छे, हें कांही बरें नाही, पोकळ झालें,” आणि पुन्हा तीच ओळ, एक शब्द बदलून. मी जवळ असले तर मला विचारायची, “यमू, हें कानाला कसें लागतें?” मी पंधरा वर्षांची होते. मला कवितेतलं फारसं कळत नव्हतं, पण आईनं कॉफी, शाळा, शेजारणी सगळं बाजूला ठेवून माझं मत विचारलेलं मला इतकं आवडायचं की मी नेहमी काहीतरी खोट काढायचे, म्हणजे आमचं बोलणं लांबावं.

त्या वर्षी पाण्याचे फार हाल होते. नळ पहाटे थोडा वेळ यायचा, कधी यायचाच नाही, आणि बायका आदल्या दिवशीच आपापल्या घागरी रांगेत लावून ठेवायच्या. आईनं त्यावर एक छोटी कविता केली. तमिळमधला तिचा ठेका मला मराठीत आणता येत नाही, पण अर्थ असा होता:

*नळासमोर रांग उभी आहे
घागरींची, माणसं सावलीला बसली आहेत.
घागरी बिचाऱ्या तक्रार करीत नाहीत,
म्हणून कोणी येत नाही.*

पोंगलच्या दिवसांत आमच्या भागात कवितावाचन व्हायचं, रस्त्यावरच मांडव घालून. तिथं आईनं ती म्हटली. दुसऱ्या दिवशी रांगेतल्या बायकांच्या तोंडी ती होती, आणि शेवटची ओळ त्यांनी स्वतःच बदलली होती: ‘म्हणून आम्ही येतो’. त्या खरंच गेल्या, घागरी घेऊन, पाण्याच्या कचेरीवर, आणि आईला पुढं घातलं. दोन दिवसांनी टँकर आला. आई घरी आली ती घामानं भिजलेली, पदर फाटलेला, आणि बाबांना म्हणाली की कवितेत बदल बायकांनी केला तोच बरोबर होता, आपल्याला तो सुचायला हवा होता. टँकरबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

त्यानंतर महिन्याभरात षण्मुगम आमच्याकडे आला. तो एका पक्षाचा आमच्या वॉर्डातला कार्यकर्ता होता, पांढरा शर्ट, काखेत कायम एक दुमडलेलं वर्तमानपत्र, बोलायला अत्यंत गोड. नगरपालिकेच्या निवडणुकीत आईनं पक्षातर्फे उभं राहावं असं त्याचं म्हणणं होतं. आईनं बाबांकडे बघितलं. माझे बाबा एका कचेरीत कारकून होते, फार थोडं बोलणारे. ते इतकंच म्हणाले की तू तशीही घरी कुठं असतेस. शाळेच्या व्यवस्थापनाला शिक्षिका राजकारणात गेलेली चालणार नव्हती, म्हणून आईनं राजीनामा दिला. दहा वर्षांची नोकरी तिनं एका दुपारी सोडली आणि येताना बाजारातून वांगी घेऊन आली. मला आठवतं, त्या रात्री वांगी कोणालाच गोड लागली नाहीत, फक्त तिला लागली.

मग आमच्या घराचं काय झालं ते सांगणं कठीण आहे. दार सकाळी उघडायचं ते रात्रीच बंद व्हायचं. सायकलरिक्षावर कर्णा बांधून एक मुलगा दिवसभर आईचं नाव ओरडत गल्ल्या फिरायचा. मी दहावीच्या परीक्षेचा अभ्यास करायला बसले की पानावरचं वाक्य संपायच्या आधी ते नाव एकदा ऐकू यायचं. स्वयंपाक बाबांकडे आला. त्यांना मोजकेच पदार्थ यायचे: आंबटवरण, ज्याला सगळे शेजारी सांबार म्हणत आणि आमच्या घरात ते ऐकलं की बाबा मान हलवत, उडदाच्या पिठात दही कालवून केलेलं डांगर, आणि मेतकूट-भात. फोडणीचा वास आला की समोरच्या मॅन्शनमधला एखादा ओरडून विचारायचा, अम्मा जिंकल्या की आम्हालाही जेवायला घालणार ना? ही मॅन्शनमधली मंडळी आईच्या सभांना सर्वांत जास्त टाळ्या वाजवायची, तिच्या कविता पाठ म्हणायची, आणि त्यांच्यातल्या एकाचंही मत आमच्या वॉर्डात नव्हतं. त्यांची मतं आपापल्या गावी. आईला हे षण्मुगमनं समजावलं तेव्हा ती हसली, पण त्यांच्या खिडक्यांखाली उभं राहून बोलायचं तिनं सोडलं नाही. मी मात्र त्या दिवसांत सारखी चिडलेली असे. पुस्तक घेऊन गच्चीवर जायचे, गच्चीवर ऊन म्हणून खाली यायचे, खाली माणसं म्हणून तळ्याच्या पायऱ्यांवर जायचे, तिथंही तो कर्णा. आईबरोबर जावंसं वाटायचं, आणि गेलं की परत घरी यावंसं वाटायचं.

प्रचार ऐन भरात आला असताना षण्मुगम एका दुपारी एकटाच आला. बाबांनी त्याला कॉफी दिली. त्यानं पूर्ण प्यायली, पेला नीट खाली ठेवला, आणि मग सांगितलं की समोरचा उमेदवार गल्लोगल्ली एकच गोष्ट बोलतोय. ही बाई आपली नाही. घरात वेगळीच भाषा बोलते. तमिळ कविता करते ती म्हणे दुसऱ्या भाषेतून उतरवून. लोक ऐकताहेत, अम्मा, असं तो म्हणाला. चांगले लोकही ऐकताहेत. त्याची विनंती एवढीच होती की मतदान होईपर्यंत आमच्यापैकी कोणीही मराठी बोलू नये.

“बाहेर ना?” बाबांनी विचारलं.

षण्मुगमनं खिडकीकडे बघितलं. खिडकी उघडी होती आणि बाहेरून एक भाजीवाली आत बघत चालली होती. “सार,” तो म्हणाला, “तुमच्या घराला बाहेर आणि आत असं कुठं आहे?”

मी आईकडे बघत होते. हिनं मोर्च्याच्या दिवशी पाण्याच्या कचेरीतल्या साहेबाला त्याच्या खुर्चीतून उठवलं होतं. आता ही काय उत्तर देते, याची मी वाट बघत होते. आई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “सरि.” ठीक आहे. बस, तेवढंच. तमिळमध्ये.

आज मी त्या वेळच्या तिच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि तिनं ते का कबूल केलं हे मला समजतं. नोकरी गेलेली होती. पाण्याच्या रांगेतल्या बायका तिच्या भरवशावर होत्या. थोडे दिवस जीभ आवरायची, त्यात काय मोठंसं. तिला वाटलं असेल, भाषा काय, मतदानानंतर परत येईल. पण तेव्हा मला फक्त एवढं दिसलं की आईला कोणीतरी काहीतरी सोडायला सांगितलं आणि तिनं ते सोडलं.

तमिळ आम्हाला सगळ्यांनाच येत होती, आमची अडचण ती नव्हती. पण मी बाबांना तमिळमध्ये ‘मीठ द्या’ म्हटलं तेव्हा दोघंही दुसरीकडे बघायला लागलो. पाहुणे आल्यासारखं आम्ही आपापसांत बोलायचो, जपून, पूर्ण वाक्यांत. रागावणं जमेना. लाड करणं तर मुळीच जमेना. सर्वांत वाईट गत झाली माझ्या धाकट्या बहिणीची. गोदा चार वर्षांची होती. गल्लीतल्या पोरांशी ती तमिळमध्ये कचाकचा भांडायची, पण आई ही तिच्यासाठी मराठीत होती. तिला शिकवलं, रस्त्यात ‘आई’ नाही म्हणायचं, ‘अम्मा’ म्हणायचं. पहिल्या दिवशी तिला तो खेळ वाटला. दुसऱ्या दिवशी ती बाजारातून येणाऱ्या आईकडे धावत गेली, ‘आई’ म्हणाली, आणि आईबरोबर चार माणसं होती म्हणून आईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. गोदा तिथंच थांबली. पुढं तीन-चार वेळा मी तिच्यावर डोळे वटारले असतील, बाबांनी ओठांवर बोट ठेवलं असेल. मग तिनं बोलणंच बंद केलं. तमिळ नाही, मराठी नाही. ताट पुढं ठेवलं की जेवायची, झोप आली की झोपायची. सगळे म्हणाले, किती शहाणी मुलगी.

आणखी एक गोष्ट झाली, ती त्या वेळी फक्त माझ्याच लक्षात आली. आईच्या कविता थांबल्या. शेवटच्या सभेसाठी षण्मुगमला एक नवी कविता हवी होती. आई भाजी चिरायला बसली, एक ओळ म्हणाली, थांबली, पुन्हा तीच म्हणाली. स्वतःशी भांडायची तिची भाषा तोंडाशी येत होती आणि ती गिळत होती. भाजी चिरून झाली, ओळ होती तिथंच राहिली. तिनं मला काही विचारलं नाही. मी तिथंच बसले होते.

शेवटची सभा समुद्राकाठी होती, आमच्या भागातला रस्ता जिथं वाळूला मिळतो तिथं, कोळ्यांच्या वस्तीच्या अलीकडे. संध्याकाळची वेळ, वारा जोराचा, मांडवाचं कापड फडफडत होतं. सुंडलवाले, म्हणजे उकडलेले चणे खोबरं-कैरी घालून विकणारे, गर्दीत फिरत होते. मी आणि गोदा बाबांबरोबर मंचाच्या उजव्या बाजूला. आई बोलायला उभी राहिली, नवी कविता नव्हती म्हणून घागरींचीच म्हणू लागली, लोक तिच्याबरोबर म्हणू लागले, आणि मी मागं वळून बघितलं तर गोदा नव्हती.

आधी वाटलं, सुंडलवाल्याकडे असेल. नव्हती. बाबा एका बाजूला धावले, मी दुसऱ्या. वाळूत पाय रुतत होते आणि प्रत्येक लहान मुलीचा फ्रॉक मला गोदाचा वाटत होता. पलीकडे समुद्र होता. त्या समुद्रात कंबरेएवढ्या पाण्यातही माणूस ओढला जातो हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कोणी ते बोलत नव्हतं. बाबा मंचाकडे गेले तेव्हा त्यांचा चेहरा बघून आई कवितेच्या मध्येच थांबली. षण्मुगमनं माईक घेतला. गोदावरी नावाची, चार वर्षांची, पिवळा फ्रॉक. दिसली तर मंचाकडे आणा. त्यानं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. मग थेट तिलाच सांगू लागला, बाळ, भिऊ नको, अम्मा इथं आहे. गर्दीनंही हाका मारल्या. गोदावरी, गोदावरी. कोळ्यांची पोरं पाण्याच्या कडेनं पळत गेली. कुठून काही उत्तर आलं नाही.

मला तेव्हा समजलं. मी मंचावर चढले. आईला म्हटलं, आणि मराठीत म्हटलं, “आई, ती बोलणार नाही. आपणच तिला सांगितलंय.”

आईनं माझ्याकडे एक क्षण बघितलं असेल. मग तिनं षण्मुगमच्या हातातून माईक घेतला, घेतला म्हणजे ओढला.

“गोदे,” ती म्हणाली. कर्ण्यांतून तो आवाज किनाऱ्यावर पसरला. “गोदे, कोठें आहेस गे? आई एथें आहे. ये माझे बाळ. बोललीस तरी चालतें आतां. कोणी रागें भरत नाहीत. आई म्हण गे. एकदां आई म्हण.”

मांडवाचं कापड आणि लाटा, एवढाच आवाज. आई पुन्हा तेच म्हणाली, थोडं हळू, घरात म्हणायची तसं. आणि कोळ्यांच्या वस्तीकडून, वाळूत उलट्या करून ठेवलेल्या होड्यांच्या बाजूनं, एक बाई ओरडत आली, हात हलवत. होडीखालून रडणं ऐकू येत होतं. गोदा होडीखाली सरपटत जाऊन बसली होती. हाका तिनं सगळ्या ऐकल्या होत्या. नंतर मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली की मला वाटलं ते दुसऱ्या गोदावरीला बोलावताहेत.

ती मंचापर्यंत आली ती त्या कोळणीच्या कडेवर, केसांत वाळू, नाक वाहतंय, आणि मोठ्यानं ‘आई, आई’ करत. आईनं तिला घेतलं. गर्दीत मागं कोणीतरी आईची नक्कल केली, ‘गोदे, कोठें आहेस गे’, आणि काही लोक हसले. षण्मुगम मंचाच्या कडेला डोक्याला हात लावून उभा होता. आईनं ते ऐकलं. गोदाला कडेवर तशीच ठेवून ती माईकशी आली आणि तमिळमध्ये बोलली.

“ही माझ्या घरातली भाषा,” ती म्हणाली. “तुमच्यापासून लपवली, ते चुकलं. पण नळाशी मी दोन्ही भाषांत बोलून बघितलंय. त्याला एकही कळत नाही.”

या वेळी हसले ते वेगळं हसणं होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी वाळूवर बसलेल्या प्रत्येकानं मत दिलं असतं तर आई निवडून आली असती असं बाबा पुढं कितीतरी वर्षं म्हणत. पण सकाळी गल्लीतल्या भिंतींवर कोळशानं ‘मराठी अम्मा’ लिहिलेलं होतं, आणि वॉर्ड मोठा होता, आणि ज्यांनी सभा ऐकली नव्हती त्यांनी फक्त भिंती वाचल्या. षण्मुगम मतदानाच्या दिवसापर्यंत आला, कामं चोख केली, पण आमच्याकडे कॉफी घेतली नाही.

आई त्या मधल्या दिवसांत कशी होती हे लोक मला विचारतात. ती घाबरलेली नव्हती, आनंदीही नव्हती. तिला बसवत नव्हतं. दारं ठोठावत फिरायची, घरी येऊन गोदाला जवळ घ्यायची, पुन्हा जायची. एकदा पोळ्या लाटता लाटता मला म्हणाली, “यमू, हें कानाला कसें लागतें?” आणि एक कविता म्हणाली, ती मराठीत होती. तिनं मराठीत केलेली ती पहिली.

*उलट्या होडीखालीं कोण गे बसलें,
कोणाचे केस वाळूनें भरले?
हाक मारली तेव्हां कळलें मजला,
मीच होतें तेथें, लेक नव्हती.*

मी नेहमीसारखी खोट काढणार होते. काढली नाही. पोळी तव्यावर करपली आणि आम्ही दोघींनी ती तशीच राहू दिली.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. त्याच्या पुढच्या निवडणुकीला ती पक्षाशिवाय उभी राहिली आणि जिंकली. नंतर आणखी एकदा हरली. तिच्या तमिळ कवितांची दोन पुस्तकं निघाली, मराठीचं एक, ते बाबांनी छापून घेतलं आणि नातेवाइकांना वाटलं. गोदा हल्ली परदेशात असते; फोनवर माझ्याशी मराठीत बोलते आणि नातवंडांशी इंग्रजीत, आणि मधूनच गप्प होते तेव्हा मला त्या होडीखालची गोदा दिसते. मी स्वतः ना राजकारणात गेले ना कविता केल्या. माझ्या आयुष्यात आईसारखी वणवण नव्हती; तरी अजून, जेवताना दाराशी कोणी आलं की माझा हात आपोआप थांबतो.

पण मला सांगायची आहे ती निकालाच्या दिवसाची दुपार. आई हरली हे सकाळीच कळलं होतं. घरात माणसं येऊन गेली, मॅन्शनवाले आले, त्यांच्यातला एक रडला, आणि आईनंच त्याची समजूत घातली. मग सगळे गेले. बाबांनी भात वाढला. त्या घरात इतकं सामसूम मी पहिल्यांदाच बघत होते. आईनं पहिला घास घेतला असेल नसेल, तोच खिडकीशी पट्टम्मा आली. पट्टम्मा आमच्या गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवर इडल्या विकायची, सकाळ-संध्याकाळ, आठ-दहा वर्षं तरी. ती आत आली नाही, खिडकीतूनच बोलली.

ती म्हणाली की मी तुम्हाला मत दिलेलं नाही. नवऱ्यानं दुसरीकडे द्यायला सांगितलं, मी दिलं. पण आता नगरपालिकेची माणसं आलीत, माझी गाडी उचलून नेताहेत. तुम्ही याल का?

बाबा म्हणाले, आज नको. त्यांनी ते मराठीत म्हटलं, मोठ्यानं, खिडकी उघडी असताना. आईनं हात धुतले, चपला शोधल्या. एक सापडली, दुसरी मिळेना, मग ती अनवाणीच निघाली. मी तिच्या मागं गेले. ऊन असं होतं की डांबर मऊ झालं होतं, आणि ती रस्त्याच्या सावलीच्या बाजूनं अर्धी चालत, अर्धी पळत होती.

गल्लीच्या तोंडाशी गाडीची चाकं उचलून ट्रकवर चढवायचं चाललं होतं. पिठाचं भांडं रस्त्यावर उतरवून ठेवलेलं. एक इन्स्पेक्टर वहीत काहीतरी लिहीत होता. आजूबाजूचे दुकानदार आपापल्या दारात उभे राहून बघत होते. त्यांच्यातल्या निम्म्यांनी काल आईच्या विरुद्ध मत दिलं असणार आणि तिला पाहून ते जरा आत सरकले. आई ट्रकसमोर जाऊन उभी राहिली. इन्स्पेक्टरनं डोकं वर करून विचारलं, आपण कोण, आणि कुठल्या अधिकारानं अडवताय.

आई काही बोलायच्या आत पट्टम्मा पुढं झाली. “या आमच्या कौन्सिलर,” ती म्हणाली.

इन्स्पेक्टरनं लिहायचं थांबवलं आणि पेन खाली घेतलं. दुकानदार ऐकत होते. आईनं घामानं कपाळाला चिकटलेले केस मागं सारले आणि त्या तापलेल्या डांबरावर एक पाय उचलून दुसऱ्या पायावर ठेवला.

“नाही हो,” ती म्हणाली. “मी हरलेय, आज सकाळीच. म्हणून तर आता मला वेळच वेळ आहे. बोला, गाडी कुठं ठेवायची म्हणता?”